इब्राहीमचा नळा

१

कोसेगुड्याच्या बांबू कारखान्यात त्या सकाळी भिंतीला दहा नळे लटकत होते. असायला हवे होते अकरा.

अकरावा इब्राहीम मिस्त्रीचा. इब्राहीमला जाऊन बावीस दिवस झाले होते. त्याच दुपारी सगळ्या गावासमोर त्याचा नळा फोडायचा होता आणि आतल्या बिया मोजायच्या होत्या. दीडशे निघाल्या तर त्याच्या बायकोला, कमरजहाँला, त्याच्या जागेवर काम आणि राहायला कारखान्याची खोली. एकशे एकोणपन्नास निघाल्या तर गाशा गुंडाळून पोरीला घेऊन दिराच्या दारात. आता नळाच नाही म्हटल्यावर मोजता काय, कपाळ?

नळ्यांची ही भानगड बाहेरच्या माणसाला सांगावी लागते. कारखाना ग्रामसभेचा, म्हणजे मालक अख्खं गाव, माडिया-गोंडांची चाळीस घरं. पूर्वी इथे ठेकेदार होता. हजेरी त्याच्या वहीत असायची आणि वही त्याच्या मर्जीवर चालायची. गावानं स्वतःचं काम उभं केलं तेव्हा सगळ्यात आधी त्या वहीला हाकललं. त्याऐवजी प्रत्येक कामगाराचा एक बांबूचा नळा आला, दोन्हीकडून बंद, वर बोटभर खाच, पोरांच्या गुल्लकासारखा. सकाळी कामावर आलं की आपल्या हातानं एक बी आत टाकायची. टेंभराच्या, म्हणजे तेंदूच्या, बियांची टोपली दारातच भरलेली असते. दसऱ्याला सुरू, मृगाच्या तोंडावर बंद, मध्ये बाजारवार, सणवार आणि धानकापणीची सुट्टी.

दीडशे बिया भरल्या की माणूस पक्का. पक्क्या माणसाला वर्षभर दवाखान्याचं कार्ड, आणि तो मेला तर घरच्या एकाला त्याची जागा. इब्राहीम बाहेरचा, आलापल्लीचा मुसलमान सुतार, पण नियम त्यालाही तोच. ज्याचा दिवस त्याचीच बी. काढायचं नाही, घालायचं नाही. कार्ड देणाऱ्या शहरातल्या विमा कंपनीनंही नळे मान्य केले होते, फक्त एक अट घालून: नळ्यांत लबाडी सापडली तर गावातली सगळी कार्डं बंद.

मोजणीच्या आदल्या रात्री गायता, म्हणजे गावचा मुख्य, कारखान्याच्या दारात खाट आडवी टाकून झोपतो. तशी रीतच आहे. झिंगू गायत्यानं दिवेलागणीला अकरा नळे मोजले, खाट टाकली आणि तिच्यावर झोपला. कारखान्याला दुसरं दार नाही. सकाळी उठून बघतो तर नळे दहा.

मग काय, बोंब झाली. इब्राहीमचा धाकटा भाऊ रईस त्याच दिवशी गडचिरोलीच्या कामगार कार्यालयात जाऊन अर्ज देऊन आला: आदिवासी मालकानं आमच्या विधवेचा हक्क चोरला.

२

कार्यालयानं हात वर केले. मालक ग्रामसभा, हजेरी बियांची, हे कुठल्या कलमात बसवायचं? शेवटी साहेबानं सावली गावात राहणाऱ्या इंदुताईंना फोन लावला. बाई, तुम्हीच जाऊन या, दोन्हीकडचे तुमचं ऐकतील.

इंदुताई त्याच कार्यालयातून निवृत्त झालेल्या. वय त्रेसष्ट, गुडघे दुखतात, तोंड फटकळ. एकतीस वर्षं कामगारांचे जबाब लिहून घेतले आणि त्यातला एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, याचा त्यांना भारी अभिमान. मुळात त्या तिथे लागल्या त्याच नवऱ्याच्या जागेवर. नवरा शिपाई होता. तो गेला तेव्हा ह्या चोवीस वर्षांच्या, कडेवर पोरगी. ती जागा मिळाली नसती तर लोकांच्या बांधीत धानाचं रोवणं करण्यात जन्म गेला असता. वारसाची जागा म्हणजे काय असतं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

आलापल्लीपासून त्यांना विक्कीनं मोटारसायकलवर आणलं. विक्की ग्रामसभेचा सचिव, गावातला पहिला बी.ए., आणि या प्रकरणात चोर म्हणून सगळ्यांच्या जिभेवर ज्याचं नाव तोही हाच. आपल्या साळ्याला इब्राहीमच्या मशीनवर लावायचं म्हणून त्यानं जिवाचं रान केलं होतं.

"खोटं नाई बोलत, म्याडम," तो कारखान्यात शिरता शिरता म्हणाला. "मी सभेत उघड बोललो. बाहेरच्यायले वारसाची जागा नको. पन सभेनं मानलं नाई, मी गप बसलो."

"अन् नळा?"

"त्यात कमी निघाले असते तं जागा आपसुकच माया साळ्याले भेटली असती. मी काऊन चोरू?"

"अन् जास्त निघाले असते तं?"

विक्की पुढे होऊन नळ्यांच्या भिंतीकडे गेला. इंदुताईंनी भिंत पाहायला घेतली.

भिंत म्हणजे बांबूचा तट्टा, ओलीनं सडू नये म्हणून जमिनीपासून वीतभर उचललेला. तट्ट्याच्या पलीकडे इब्राहीमची खोली. अलीकडे ओळीनं खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीवर कांबीच्या फासानं अडकवलेला नळा. अकराव्या जागी खुंटी नव्हतीच. तिथे तट्ट्यात दोन छोटी भोकं होती.

"भाऊ सुतार मानूस," विक्की म्हणाला. "त्याले खुंटीचा भरोसा नाई. सुतळी तट्ट्यातून आरपार ओढून घट्ट बांधे. तोडून नेली असंल चोरानं."

इंदुताई वाकल्या, गुडघ्यांना शिव्या देत खाली बसल्या. सुतळीचा एक धागा नाही, एक कुसळ नाही. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतली एक कोंबडी तट्ट्याखालून अंग चोरून आत आली आणि बांबूच्या भुशात पाय मारत बसली.

झिंगू गायता दारात उभा होता. वय सत्तरीच्या पुढे, पण ताठ.

"रातभर खाट इथीच होती, बाई. माया अंगावरून गेल्याबिगर आत जाता येत नाई. अन् माई झोप कुत्र्याची."

"मंग नळा उडून गेला का जी?"

"तेच तं समजून नाई राह्यलं," झिंगू म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा झाला की इंदुताईंना पुढे थट्टा करवली नाही. आयुष्यभर राखलेली इज्जत एका रात्रीत गेल्यासारखा तो उभा होता.

३

रईस अंगणात, खाटेच्या काठावर बसला होता. आलापल्लीत त्याचं सागवानी फर्निचरचं दुकान. मोजणीच्या आदल्या दिवशी तोही इथे आला होता, पण उजेड असतानाच परतला. तो गेल्यावर झिंगूनं अकरा नळे मोजले होते, त्यामुळे इंदुताईंनी त्याला मनातून सोडूनच दिलं. तरी विचारलं, "जागा तुले पाह्यजे होती मनतेत."

"वारस तं मी भी हाये ना, बाई. भाभी तं इद्दतमधी हाये. नवरा गेला की चार महिने दहा दिवस बाहेर पाय नाई टाकत. मग येऊन मशीन चालवंल का? मी मनलं, मले लावा, तिले मी सांभाळतो."

"तुई बायको सांभाळंल?"

रईसनं मान खाली घातली. घरात दोन खोल्या, चार पोरं, आणि बायकोनं आधीच तोंड वाकडं केलेलं. कमरजहाँची पोरगी अरीबा नववीत होती, वर्गात पहिली येणारी. ती तिथे गेली तर पुस्तकाऐवजी तिच्या हातात चाचीचं तान्हं पडेल, हे इंदुताईंना कोणी सांगावं लागलं नाही.

मग इंदुताई बुधरीकडे गेल्या. बुधरी अगरबत्तीच्या काड्यांच्या जुड्या बांधायची. पंचविशीतली पोर, हातांच्या काड्या झालेल्या, डोळे पिवळट. सिकलसेल. या भागात हा आजार घरोघरी, रक्तच वाकडं होतं आणि दुखणं उठलं की माणूस जमिनीवर गडबडा लोळतो.

"इब्राहीमभाऊ होता मनून मी टिकली, बाई," तिनं जुडी खाली ठेवली. "होळीच्या आंधी माया दुखन्यानं जीव चालला होता. गडचिरोलीले नऊ दिवस भरती होती. तीन बाटल्या रगत चढवलं. कार्ड नसतं तं मेलीच असती मी."

"इब्राहीम पाहाले आला होता का?"

"दोनदा. रोजे चालू होते त्याचे. पान्याचा थेंब नाई पोटात, अन् उनातून आला. मले मने, तू पडून राह्य, नळ्याची फिकर नको करू." बुधरीनं पदरानं नाक पुसलं. "मले यंदा दीडशेची आसच नोती. नऊ दिवस तिथीच गेले. पन परवा नळा हाती घेऊन पाह्यला तं भारी लागला. देव पावला मनायचं."

इंदुताईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. बुधरीच्या तोंडावर लपवाछपवीचा लवलेश नव्हता.

४

कमरजहाँ खोलीच्या आत, तट्ट्याला पाठ टेकून बसली होती. चाळिशी गाठलेली, गोरी, बांगड्या काढून ठेवलेले हात ओढणीत लपवलेले. इंदुताई उंबऱ्यावर बसल्या. तिनं उठून काळा चहा केला आणि कप सरकवला. कोपऱ्यात इब्राहीमची हत्यारांची पेटी होती, वर रंदा, करवत, पटाशी पुसून मांडलेल्या, जणू सकाळी तो उचलून कामाला जाणार आहे.

"दिवस किती भरले असतीन त्यायचे?"

"ते रोज गेले, ताई. तापात भी गेले. आखरी दिवशी भी गेले. सांजच्याला आले, मने छाती जड झाली, पानी दे. मी पानी आणलं तं..." तिनं ओढणी तोंडाला लावली. मग म्हणाली, "दसऱ्यापासून एक नागा नाई."

"मंग भीती कायची? दीडशेच्या वरच असतीन."

कोंबडी तट्ट्याखालून परत इकडे आली, कमरजहाँनं तिला हातानं हुसकावलं.

"ताई, एक सांगा. नळा सापडलाच नाई तं जागेचं काय होते?"

"सभा ठरवंल. गायता भला मानूस हाये. लोकायचं मन इब्राहीमच्या बाजूनं हाये. कदाचित देऊन टाकतीन."

तिनं डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. इंदुताईंनी चहा संपवला. अंगणातून चालताना त्यांना काहीतरी टोचत होतं, चपलेत खडा गेल्यासारखं, पण काय ते हाती लागत नव्हतं.

५

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर इंदुताई एकट्याच कारखान्यात बसल्या. झिंगूला विचारून त्यांनी एकेक नळा उतरवला, खाचेवर मोबाइलचा उजेड धरला, हलवून पाहिला. टेंभराच्या बिया चपट्या, तपकिरी, सगळ्या एकसारख्या. नऊ नळे झाले. दहावा बुधरीचा. त्यात उजेड मारला आणि त्यांचा हात थांबला.

चपट्या बियांमध्ये एक लांबट बी होती, पोटावर चीर असलेली. बांबूची काडी घालून त्यांनी ती खाचेपर्यंत आणली. जंगलात शिंदी असते, तिची बी बुटकी. ही चांगली लांब होती. ही बाजारच्या खजुराची बी. आत अजूनही होत्या. कोसेगुड्यात खजूर खाणारं घर एकच, आणि तेही एकाच महिन्यात.

नियम म्हणजे नियम. इंदुताईंनी बी परत आत ढकलली. मग खुंटीवर नळा अडकवून त्या खाली बसल्या आणि डोक्याला हात लावून विचार करू लागल्या.

बुधरी नऊ दिवस दवाखान्यात होती, तरी तिचा नळा भारी. इब्राहीम रोज रोजा सोडायचा, खजुराची बी खिशात राहायची, सकाळी कामावर येऊन तीच नळ्यात जायची. नऊ सकाळी तो आला आणि बी आपल्या नळ्यात न टाकता बुधरीच्या नळ्यात टाकून गेला. कोणी पाहिलं नाही, कारण इथे दुसऱ्याच्या नळ्याकडे कोणी पाहतच नाही. आपली बी कोणी दुसऱ्याला देईल हे या गावाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आता चोर. विक्कीला कमरजहाँला हाकलायचं असतं तर त्यानं काडीनं पाचपन्नास बिया काढल्या असत्या आणि नळा जागच्या जागी ठेवला असता. तिचं भलं करायचं असतं तर कोणीही दारातल्या टोपलीतल्या मूठभर बिया आत टाकल्या असत्या. दोन्ही कामं मिनिटाची. अख्खा नळा पळवण्यात कोणाचाच फायदा नव्हता. असा चोर एकच असू शकतो: ज्याला बिया मोजू द्यायच्या नव्हत्या, आणि त्यात एक बी इकडची तिकडे करायलाही ज्याचा हात धजला नाही.

आणि ती दोन भोकं. अलीकडे गाठ नव्हती, तुटलेली सुतळी नव्हती, म्हणजे गाठ पलीकडे होती. पलीकडून सोडली की नळा सुतळीसकट इकडे खाली उतरतो, आणि तट्ट्याखालची फट तर कोंबडी जाईल एवढी आहे. दारातून कोणी आलं नाही हे झिंगू खरंच सांगत होता.

सकाळपासून काय टोचत होतं तेही मग कळलं. जिचा सगळा पुरावा चोरीला गेला त्या बाईनं, नळा कोणी नेला, एवढं एकदाही विचारलं नव्हतं. तिनं विचारलं ते सापडला नाही तर काय होईल.

कोडं सुटलं होतं. नोकरीत असताना असं काही सुटलं की इंदुताई कँटीनमधून भजी मागवायच्या. त्या दिवशी त्यांना हे सुटलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

६

त्या परत गेल्या तेव्हा कमरजहाँ त्याच जागी होती. इंदुताईंनी दार लोटून घेतलं.

"किती हायेत?"

कमरजहाँनं कोण, कुठलं, काही विचारलं नाही. ती उठली, हत्यारांची पेटी उघडली आणि रंद्याखालून नळा काढला. सुतळी अजून त्याला होती.

"एकशे सेहेचाळीस," ती म्हणाली. "खाचेतून काढून तीन बार मोजल्या, परत आत टाकल्या."

चार कमी.

"तुले माहीत होतं, त्यानं बुधरीच्या नळ्यात टाकल्या?"

"मालूम होतं. मीच रागावली होती त्यायले. मने, अगं, मृगापर्यंत लय दिवस हायेत, माये दीडशे भरून वर उरतीन. तिले एकेक दिवस जड हाये. हिशोब बराबर होता त्यायचा, ताई. अजून चार दिवस पाह्यजे होते फक्त." ती नळा मांडीवर घेऊन बसली. "चार दिवस."

तरी इंदुताईंनी विचारलंच, "चार बिया आत टाकून देतीस तं कोनाले समजलं नसतं. टोपलीभर पडल्या हायेत दारात."

कमरजहाँनं ओढणीचं टोक पुढे केलं. त्यात एक छोटी गाठ होती.

"ह्या पाहा. अरीबाकडून आणून घेतल्या. खाचेवर धरून बसली होती. पन हे त्यायच्या हातचे दिवस हायेत. त्यात माया हातचं खोटं मिसळाले हिंमत नाई झाली." ती थांबली. "अन् मोजू द्यायचीही हिंमत नाई झाली. मनून लपवला."

"मंग खरं तरी सांगायचं. नऊ बिया इब्राहीमच्या हायेत, एवढं एक वाक्य."

"अन् बुधरी?"

नऊ गेल्यावर बुधरी दीडशेला पोचणं शक्य नव्हतं. कार्ड गेलं की रक्त गेलं, आणि पुढचं दुखणं काही फार लांब नव्हतं. नळा हरवलेला राहिला तरच दोघी वाचतात, असं या बाईनं एकटीनं, कोणाला न विचारता, इद्दतीच्या खोलीत बसून काढलं होतं. इंदुताईंना तिला उठून छातीशी धरावंसं वाटलं. पण त्यांना दुसरंच सांगावं लागलं.

"कमर, आइक. नळा हरवला तं विमावाले काय मनतीन? लबाडी झाली मनतीन. साऱ्या गावाची कार्डं बंद. बुधरीचंही."

तिच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. बराच वेळ ती नळ्यावरून हात फिरवत राहिली, झोपलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"मंग मोजा," ती म्हणाली. "उद्याच मोजा. पन ताई, त्या नऊ बियायचं तुमी कोनाले सांगायचं नाई. कसम खा."

इंदुताईंनी देवाधर्माची शपथ जन्मात घेतली नव्हती. त्या दिवशी आपल्या पोरीच्या डोक्याची घेतली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यासमोरच्या मोहाखाली गाव जमलं. कमरजहाँ पांढऱ्या चादरीत स्वतःला लपेटून खोलीबाहेर आली. रईस "भाभी, इद्दत" म्हणत पुढे झाला, तिनं त्याला बाजूला सारलं. नळा तिनं झिंगूच्या पुढ्यात ठेवला.

"मीच नेला होता. कमी भरले तं काय करू, या भेवानं. गायत्याले कोनी दोष देऊ नका."

झिंगूनं तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, बस. रईसचं तोंड उतरलं. त्यानं अर्जाची नक्कल खिशातून काढली, घडी घातली आणि परत खिशात टाकली.

झिंगूनं कोयत्याच्या एका घावात नळा फोडला. बिया सुपात सांडल्या, टेंभराच्या, आणि मध्ये मध्ये पंधरा खजुराच्या. त्यानं एकेक उचलत मोठ्यानं मोजलं. एकशे चाळीसच्या पुढे आवाज हळू होत गेला. एकशे सेहेचाळीसला सूप रिकामं झालं.

विक्कीचा साळा तिथेच होता, त्यालाही हसू आलं नाही. नियम सगळ्यांना ठाऊक होता.

मग बाकीचे नळे. शेवटी बुधरीचा. तो फुटला आणि सुपात खजुराच्या लांबट बिया दिसल्या. झिंगू मोजायचा थांबला. विक्की वाकला, त्यानं त्या बोटानं वेगळ्या केल्या. नऊ.

पोरगा हुशार, क्षणात समजला. तो उभा राहिला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"ह्या भाऊच्या हायेत," तो म्हणाला. "त्याच्या नळ्यातही अशाच निघाल्या. ह्या इकडं टाका. एकशे पंचावन्न होतेत. बाई पक्की."

साळ्याची जागा तो स्वतःच्या तोंडानं देऊन टाकत होता. इंदुताईंनी मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

"अन् बुधरी?" झिंगू म्हणाला.

त्यानं उरलेल्या मोजल्या. नऊ सोडून एकशे चव्वेचाळीस. बुधरी नुसती सुपाकडे पाहत होती. तिला आता कळत होतं की नळा भारी का लागला होता. तिचं तोंड उघडलं, "मी तवा तं दवाखा..."

"त्या बिया तिच्याच हायेत," कमरजहाँ म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिनं सरकून बुधरीचा हात धरला, चांगला घट्ट.

"दुखन्यातून उठल्यावर बुधरी माया घरी येऊन बसे, आमच्यासंग रोजा सोडाले. खजूर मीच देत होती. बी ती नेत होती. यायचं अन् तिचं ताट एकच, मंग बी भी एकच राहीन ना. त्यायचे दिवस एकशे सेहेचाळीसच. मध्ये नागे केले त्यायनं. मले मालूम हाये."

एक नागा नाही म्हणणारी बाई ती. नवऱ्याच्या नळ्यात चार खोट्या बिया टाकायला जिचा हात उचलला नव्हता, ती भर सभेत त्याच नवऱ्याला कामचुकार ठरवत होती. बुधरी हात सोडवू पाहत होती, पण तो काही सुटेना.

झिंगू इंदुताईंकडे वळला. "बाई, तुमी साऱ्यायले विचारलं, सारं पाह्यलं. हे खरं हाये का?"

एकतीस वर्षांत इंदुताईंनी एकही खोटा जबाब लिहिला नव्हता. त्यांनी कमरजहाँकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहतच नव्हती. ती बुधरीच्या सुकलेल्या मनगटाकडे पाहत होती.

"खरं हाये," इंदुताई म्हणाल्या.

झिंगूनं त्या नऊ बिया उचलल्या आणि एकेक करून बुधरीच्या ढिगात ठेवल्या. त्याला कळलं होतं की नाही, हे कोणी सांगू शकणार नाही.

"बुधरी, एकशे तेपन्न. पक्की."

दुपारी रईसचा टेंपो आला. हत्यारांची पेटी, दोन गाठोडी, अरीबाची पुस्तकं, एक कोंबडी. बुधरी टेंपोच्या फाळक्याला धरून उभी राहिली. कमरजहाँनं तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि सांगितलं, "औषद येळेवर घेत जाय." मग विक्कीनं बुधरीचे हात सोडवले.

इंदुताई आलापल्लीपर्यंत त्याच टेंपोत होत्या. सागाच्या जंगलातून रस्ता जात होता, उन्हानं पानं वाळून गेलेली. बऱ्याच वेळानं कमरजहाँनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. चार बिया तळहातावर घेऊन ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

"ताई," ती म्हणाली, "आता ह्या कुठी टाकू?"

इंदुताईंनी तोंड फिरवलं. आलापल्ली येईपर्यंत त्या रडत होत्या.